परदेशात इंग्रजी शिकवायचंय? कोर्सचे पैसे जरा थांबून भरा

सांगली, मिरज, कराड, सातारा, विटा, कुठूनही कुणी विचारलं की पहिला प्रश्न ठरलेलाच असतो, सेल्टा करू का टेफल करू (दोन्ही इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवणारे कोर्स), आणि दुसरा, कितीला पडतंय. हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत बघा. आधी हे ठरवा की जायचंय कुठं, त्या देशात भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मिळतो का, आणि तुमच्या हातात आत्ता कुठली पदवी आहे. कारण कोर्स कितीही भारी केला तरी व्हिसाच्या नियमात बसत नसाल तर ते सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावायच्याच कामाचं.

यूट्यूबवर जे व्हिडिओ असतात, 'चार आठवड्यांत टीचर व्हा आणि जग फिरा' टाइप, ते बहुतेक अमेरिकन नाहीतर ब्रिटिश पोरापोरींनी केलेले असतात आणि त्यांचं गणित वेगळं आहे. कोरियाचंच घ्या. तिथं इंग्रजी शिकवायचा जो ई-२ व्हिसा आहे तो मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरियाचा सेपा हा व्यापार करार २०१० पासून लागू आहे आणि त्यात भारतीय असिस्टंट इंग्लिश टीचरसाठी एक छोटी खिडकी ठेवलीय, पण त्याला शिक्षकाची रीतसर पात्रता लागते, म्हणजे नुसतं बीए आणि ऑनलाइन टेफल घेऊन तिकडं काही होत नाही. चीनमध्येसुद्धा वर्क परमिट देताना इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचा पासपोर्ट बघतात, आपल्याकडच्या लोकांना तिथं गणित-सायन्स शिकवायची नोकरी मिळणं त्यामानानं सोपं.

जपानची गोष्ट आपल्या भागातल्या लोकांनी नीट ऐका. तिथं शाळेत परदेशी भाषा शिकवायला जो इन्स्ट्रक्टर व्हिसा लागतो त्याला अट आहे की त्या भाषेतून कमीत कमी १२ वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे. त्या भाषेतून, म्हणजे माध्यम इंग्रजी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे हे खरं, पण विषय म्हणून इंग्रजी असणं आणि माध्यम इंग्रजी असणं यात फरक आहे. झेडपीच्या शाळेत मराठीतून शिकून पुढं इंग्रजीत एमए फर्स्ट क्लास केलेला माणूस इथं अडकतो, आणि पाचगणीच्या नाहीतर सांगलीतल्या इंग्लिश मिडियमचा साधा बीकॉमवाला निघून जातो. अन्याय वाटतो, मलापण वाटतो, पण नियम आहे. सेमी इंग्लिशवाल्यांनी नोकरी देणाऱ्यालाच आधी लेखी विचारावं आणि शाळा-कॉलेजातून माध्यमाचा दाखला काढून ठेवावा.

मग आपल्याला खरी दारं उघडी कुठं? दोन मोठी. एक गल्फ, आणि दुसरं आग्नेय आशिया, म्हणजे थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया वगैरे. आणि या दोघांना लागणारे कागद एकदम वेगळे, म्हणूनच म्हणतोय की देश आधी.

गल्फला जाणाऱ्यांसाठी

दुबई, कतार, ओमान, कुवेत इथं सीबीएसईच्या भारतीय शाळा भरपूर आहेत आणि आपल्याकडचे शिक्षक वर्षानुवर्षं तिकडं जातायत. इथं सेल्टाबिल्टा बाजूला ठेवा. जाहिरात उघडून बघा, इंग्रजीत बीए नाहीतर एमए, बी.एड. आणि दोन-तीन वर्षं सीबीएसई शाळेचा अनुभव, हेच जवळपास प्रत्येक ठिकाणी दिसेल. त्यामुळं तुम्ही २२-२३ वर्षांचे असाल, शिक्षकीच करायची हे पक्कं असेल आणि गल्फ डोक्यात असेल तर दीड लाख कोर्समध्ये घालण्यापेक्षा सीईटी द्या आणि इंग्रजी मेथड घेऊन दोन वर्षांचं बी.एड. रेग्युलर करा. रेग्युलर हा शब्द महत्त्वाचा, कारण डिस्टन्सची पदवी असली की तिकडं पदवीच्या मान्यतेच्या वेळी प्रश्न विचारतात आणि कधी कधी तिथंच गाडी थांबते. बी.एड. दोन वर्षांचं लय लांबतंय अशी सगळ्यांची तक्रार असते, पण ही एकच पदवी अशी आहे जी परदेशी नाही जमलं तरी इथं रयतच्या शाळेपासून पुण्याच्या इंटरनॅशनल स्कूलपर्यंत चालते.

एमए इंग्रजी झालंय, नेट-सेट झालंय, कॉलेजवर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, राबताय, अशांसाठी ओमानसारख्या ठिकाणी कॉलेजच्या फाउंडेशन वर्षाला इंग्रजी शिकवायच्या जागा असतात. तिथं मास्टर्स पाहिजेच, वर कॉलेजचा अनुभव, आणि सेल्टा असेल तर वजन पडतं. म्हणजे सेल्टाचा खरा फायदा कुणाला, तर पदवी आणि अनुभव आधीच असलेल्याला. हे उलटं वाटेल पण असंच आहे.

एक आडवाटेची गोष्ट, इंग्लंडबद्दल. २०२३ पासून तिथल्या सरकारनं क्यूटीएस, म्हणजे सरकारी शिक्षकाचा दर्जा, भारतीय शिक्षकांना थेट अर्ज करून मिळवायची सोय केलीय, पण ती गणित, सायन्स आणि परदेशी भाषा शिकवणाऱ्यांना. इंग्रजी विषयाच्या शिक्षकाला नाही. त्यामुळं घरात बी.एस्सी. बी.एड. कुणी असेल तर त्याला सांगा, तुम्ही त्यात वेळ घालवू नका.

सेल्टामध्ये नक्की काय असतं

आता ज्यांना व्हिएतनाम-थायलंडकडं जायचंय, किंवा मोठ्यांना इंग्रजी शिकवायच्या लँग्वेज सेंटरमध्ये काम करायचंय, किंवा वर म्हटलं तसं मास्टर्सच्या जोडीला पाहिजे, त्यांच्यासाठी. सेल्टा हा केंब्रिजचा कोर्स. कमीत कमी १२० तासांचा, आणि त्यातले ६ तास तुम्ही खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, दोन वेगवेगळ्या लेव्हलच्या, आणि ट्रेनर मागं बसून लिहून घेतो. शिवाय अनुभवी शिक्षकांचे ६ तास बघायचे आणि चार लेखी असाइनमेंट. फुल टाइम केलं तर चार-पाच आठवडे, पार्ट टाइम केलं तर काही महिने. कोविडनंतर पूर्ण ऑनलाइनही मिळतो, त्यातसुद्धा शिकवायचं खऱ्याच विद्यार्थ्यांना असतं, फक्त झूमवर. हे आपल्या भागाला बरं, कारण सांगली-साताऱ्यात बसून करता येतो आणि चार-पाच आठवडे पुण्या-मुंबईत नाहीतर दिल्लीत राहण्या-खाण्याचा खर्च वाचतो. फक्त लाइट आणि नेटचा भरवसा पाहिजे, नुसत्या मोबाइलच्या डेटावर हा कोर्स करायला जाऊ नका.

फी भारतात साधारण लाख-दीड लाख धरून चाला, सेंटरप्रमाणं वरखाली. वय १८ पूर्ण पाहिजे आणि इंग्रजी सी-वनच्या वरच्या टोकाचं नाहीतर सी-टू (युरोपच्या सहा पायऱ्यांच्या मापात सी-टू सगळ्यात वरची, सी-वन तिच्या खालची). आधी एक लेखी टास्क देतात आणि मग इंटरव्ह्यू. त्या टास्कला घाबरतात लोक, पण तो प्रकार कसा असतो बघा: 'आय लिव्ह्ड इन सांगली फॉर फाइव्ह इयर्स' आणि 'आय हॅव लिव्ह्ड इन सांगली फॉर फाइव्ह इयर्स' यात फरक काय आणि तो विद्यार्थ्याला कसा कळवाल. आपल्याकडं व्याकरण पाठ करून घेतात म्हणून आपण वैतागतो, पण इथं तेच कामाला येतं, प्रेझेंट परफेक्ट हे नाव तरी आपल्याला माहीत असतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ते नाव पहिल्यांदा त्या टास्कमध्येच भेटतं.

बी.एड. झालेल्यांना वाटतं की आपल्याला हे सोपं जाणार, आपण तर सराव पाठ घेतलेत, पाठ टाचण काढलंय. होतं उलटंच, पहिले काही पाठ त्यांनाच जड जातात. कारण आपली सवय उभं राहून समजावून सांगायची. सेल्टात तुम्ही जितकं जास्त बोलाल तितका शेरा वाईट, बोलायचं विद्यार्थ्यानं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे 'समजलं का?' हे विचारायला बंदीच म्हणा ना. आपल्या वर्गात 'समजलं का' म्हटलं की साठ पोरं एका सुरात 'होऽऽ सर' म्हणतात आणि एकालाही समजलेलं नसतं, हे आपल्याला काय नवीन आहे? तिथं शिकवतात की समजलं का विचारू नका, समजलंय हे दिसेल असा प्रश्न विचारा. 'आय यूज्ड टू प्ले क्रिकेट' शिकवलं की पुढचे प्रश्न असे: आधी खेळायचो का? हो. एकदाच का पुष्कळदा? पुष्कळदा. आता खेळतो का? नाही. विद्यार्थी आता पण खेळतो म्हणाला की कळतं गाडी कुठं चुकली. एवढी एक गोष्ट जरी हाताला लागली तरी माणूस शिक्षक म्हणून बदलतो असं माझं मत आहे, मग तो परदेशी जावो नाहीतर कवठेमहांकाळला शिकवो.

पाठ झाला की लगेच ग्रुपमध्ये बसून फीडबॅक, बरोबरचे ट्रेनीपण बोलतात, एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त सहाजण असतात. चारचौघांत आपल्या चुका ऐकायची ज्यांना सवय नाही त्यांनी मनाची तयारी करूनच जावं. फुल टाइम करताना नोकरी, लग्नकार्य, परीक्षा असलं काहीही मध्ये ठेवू नका. ग्रेड पास, पास बी आणि पास ए अशा असतात, बहुतेकजण साध्या पासमध्येच असतात आणि नोकरीला तो पुरतो.

ट्रिनिटीचा सर्टटीसॉल हा याच तोलाचा दुसरा कोर्स, ट्रिनिटी कॉलेज लंडनचा. कमीत कमी १३० तास, शिकवायचे तेच ६ तास, लेव्हल पण तीच, ब्रिटनच्या मापात लेव्हल ५. नोकरी देणारे दोघांना सारखंच धरतात. यात एक मजेशीर भाग आहे, तुम्हाला अजिबात माहीत नसलेली एखादी भाषा चार तास शिकवतात आणि त्याची डायरी लिहायला लावतात, म्हणजे नवशिक्याला काय वाटतं ते तुम्हाला परत आठवावं म्हणून. कुठला निवडायचा? जो तारखेला, पैशाला आणि जागेला जमेल तो. यावर डोकं शिणवू नका.

डेल्टा नावाचा पुढचा कोर्स आहे, तो काही वर्षं शिकवून झाल्यावरचा, आत्ता विसरा. आणि आपल्या देशातला एक चांगला पर्याय लोकांना माहीतच नसतो, हैदराबादची इफ्लू, म्हणजे इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी. ही संस्था १९५८ पासून इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करतेय, केंद्रीय विद्यापीठ आहे, आणि इंग्रजी अध्यापनाचे त्यांचे पीजी सर्टिफिकेट आणि डिप्लोमाचे डिस्टन्स कोर्स आहेत. फी सेल्टाच्या मानानं किरकोळ आणि अभ्यास खोल. बँकॉकच्या एचआरला इफ्लू माहीत नसेल कदाचित, पण ज्याला शिकवणं हा विषयच आवडतो आणि आधीपासून कॉलेजवर-शाळेवर आहे त्यानं नक्की बघावं.

स्वस्तातलं ऑनलाइन टेफल

१२० तासांचं टेफल हजार-दोन हजारापासून पंधरा-वीस हजारापर्यंत मिळतं, सेल तर बाराही महिने चालू असतो, 'फक्त आजच ८० टक्के सूट' आणि उद्या परत तेच. टेफल हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, उद्या पोवई नाक्यावर मी बोर्ड लावून टेफल सर्टिफिकेट वाटायला लागलो तरी कोण अडवणार नाही. 'इंटरनॅशनली अक्रेडिटेड' लिहिलेलं असतं, पण अक्रेडिट कुणी केलं ते बघायला गेलं की पुष्कळदा त्याच माणसांनी काढलेली दुसरी वेबसाइट निघते.

तपासायचा एक सोपा मार्ग आहे. ब्रिटनच्या ऑफक्वाल या सरकारी संस्थेचं रजिस्टर ऑनलाइन फुकट बघता येतं. कोर्स 'लेव्हल ५' म्हणून विकत असतील तर त्यांना विचारा की सर्टिफिकेट देणारी अवॉर्डिंग संस्था कुठली, आणि ते नाव त्या रजिस्टरमध्ये शोधा. सापडलं तर ठीक, नाही सापडलं तर पुढं जा. दुसरा प्रश्न, खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचे तास किती आणि ते बघणार कोण. उत्तर 'ऑप्शनल आहे सर' असं आलं की समजून जा.

याचा अर्थ ऑनलाइन टेफल फुकट आहे असं नाही. तुमच्याकडं बी.एड. आणि अनुभव आहे, आणि एखादी शाळा फक्त म्हणते की टीचिंग सर्टिफिकेटचा एक कागद लावा, तर लेव्हल ५ चं मान्यताप्राप्त ऑनलाइन टेफल पुरतं. नवख्या माणसानं मात्र नुसत्या त्या कागदावर वर्गात उभं राहू नये, चाळीस थाई पोरं समोर आल्यावर पीडीएफ आठवत नाही.

तुमच्या इंग्रजीचा पुरावा

हा खर्च लोक धरतच नाहीत. आपला पासपोर्ट भारतीय असल्यामुळं तुम्ही कितीही फाडफाड बोला, इंग्रजी येतं हे कागदावर दाखवावं लागतं. व्हिएतनाममध्ये लँग्वेज सेंटरला शिकवणाऱ्या ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही आणि पदवी इंग्रजीची किंवा अध्यापनाची नाही, त्यांना पदवी, टीचिंग सर्टिफिकेट आणि वर सी-वनचा दाखला लागतो. थायलंडला टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० च्या आसपास किंवा त्या तोडीचं दुसरं काही मागतात. आयईएलटीएस दिली तर साधारण ७ बँडच्या पुढं सी-वन धरतात, पण तिचा निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळं घाईनं देऊन ठेवू नका, अर्ज करायच्या जरा आधी द्या. केंब्रिजच्या सी-वन अ‍ॅडव्हान्स्डला मुदत नसते, ती एकदा काढली की काढली.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एक सांगतो, उच्चारावर काम करा पण अमेरिकन नकला करू नका. आपले ठरलेले प्रश्न आहेत, व्ही आणि डब्ल्यू एकच म्हणणं, 'शिप' आणि 'शीप' एकसारखं म्हणणं. हे मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून दोन-तीन महिन्यांत सुधारतं. बाकी सांगली सांगलीसारखीच ऐकू आली तर काही बिघडत नाही.

अनुभव इथंच मिळवा

कोर्सच्या आधी सहा महिने-वर्षभर शिकवलं असेल तर कोर्सही पेलतो आणि बायोडेटाही भरतो. मिरजेत नर्सिंगच्या मुली किती आहेत, त्यातल्या बऱ्याच बाहेरच्या देशात जायच्या तयारीत असतात आणि त्यांना बोलायचं इंग्रजी पाहिजे असतं, म्हणजे मोठ्यांना इंग्रजी शिकवायचा अनुभव तुमच्या दारात आहे. कुपवाड एमआयडीसीत एक्स्पोर्टवाले आहेत ज्यांना ईमेल आणि फोनचं इंग्रजी पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्यांना तर पाचगणी आहे. तिथल्या निवासी शाळांत दोन वर्षं काढली, हॉस्टेल ड्युटीसकट, तर इंटरनॅशनल शाळांच्या इंटरव्ह्यूत त्याला जी किंमत येते ती कुठल्याही १२० तासांच्या सर्टिफिकेटला येत नाही. पगार बघून नाक मुरडू नका. आणि जिथं शिकवाल तिथून लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्या, तारखा, विषय, आठवड्याचे तास, सही, शिक्का. तोंडी 'आमच्याकडं होता की हा' चालत नाही.

एजंट आणि कागद

गल्फची नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला पाहिजे, ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर त्याचं नाव आणि लायसन्स नंबर बघता येतो, आणि तुमच्याकडून सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. दोन-तीन लाख मागतोय, पावती देत नाही, 'टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून देतो' म्हणतोय, तर चहा प्या आणि उठा. थायलंडच्या नावानं बोलावून पुढं म्यानमारला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याच्या घटना झाल्यात, २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं त्याबद्दल इशारा दिला होता. नोकरी खरी का खोटी हे तिथल्या शाळेला थेट ईमेल करून, व्हिडिओ कॉलवर शाळा बघून ठरवा.

कागदांचं काम कोर्स चालू असतानाच सुरू करा, कारण खरा वेळ यात जातो. पहिलं म्हणजे शिवाजी विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र. आपल्याकडं निम्मी जनता प्रोव्हिजनलवरच आयुष्य काढते, दीक्षान्तचा फॉर्मच भरलेला नसतो. ते मूळ प्रमाणपत्र नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. दुसरं नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं, मग वडिलांचं, खाली आईचं, पासपोर्टवर वेगळा क्रम, लग्न झालेल्या बायकांचं पदवीवर माहेरचं आणि आधारवर सासरचं. स्पेलिंगपण, एकीकडं डबल ए, दुसरीकडं सिंगल. परदेशी एचआरला ही दोन-तीन माणसं वाटतात. नाव बदललं असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या, स्पेलिंगचा फरक असेल तर पासपोर्टच्या नावाप्रमाणं बाकीचं दुरुस्त करून घ्या.

मग अटेस्टेशन, म्हणजे कागद खरे आहेत असा सरकारी शिक्का. आधी राज्य सरकारकडून, ते मुंबईला होतं, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय. ओमान, बहरीन, जपान, कोरिया यांना मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का चालतो. दुबई-अबुधाबी, कतार, कुवेतला त्यापुढं त्या-त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो, म्हणजे आणखी पैसे आणि आणखी दिवस. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवरून अर्ज करून काढायचा, आणि तो मात्र अगदी शेवटी काढा, कारण बहुतेक ठिकाणी ताजाच मागतात, ऑफर यायच्या आत काढून ठेवलेला परत काढावा लागतो.